फोटोबाईंची नारिंगी बॅग

फोटोबाईंनी आयुष्यात कधी कुणाला "हसा" म्हटलं नाही. त्यांच्याकडे लोक यायचे ते पासपोर्टचे, परवान्याचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो काढायला, आणि तसल्या फोटोंत हसायला मनाई असते. "हनुवटी खाली. कान दिसू द्या. हलू नका," एवढंच त्या बोलायच्या. त्यांचा स्टुडिओ आणि माझं चष्म्यांचं दुकान यांच्यामध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत आहे. बावीस वर्षं, आधी त्यांच्या नवऱ्याच्या आणि मग त्यांच्या तोंडून, मी हे दिवसातून वीसदा ऐकलं. काच घासता घासता पलीकडून "हलू नका" आलं की माझाच हात थांबायचा.

स्टुडिओ मुळात त्यांच्या नवऱ्याचा. ते गेले त्याला सात वर्षं झाली. तोवर बाई मागच्या खोलीत बसून फोटो कापायच्या, पाकिटांवर नावं घालायच्या. नवऱ्यामागे त्यांनी कॅमेरा हातात घेतला तेव्हा पेठेत कुजबुज झाली, की बाईला हे जमायचं नाही. जमलं. पण जमेपर्यंत जो तो फोनवरच फोटो काढायला लागला आणि स्टुडिओच्या बाकावर माणसांपेक्षा माशा जास्त बसू लागल्या. मूलबाळ नव्हतं, माहेरचं कुणी उरलं नव्हतं. होत्या त्या एक थोरल्या नणंदबाई. बिनलग्नाच्या, डोंगराच्या पायथ्याशी राहायच्या, शाळांचे गणवेश शिवायच्या. या दोघींचं नातं म्हणजे रोज फोनवर भांडायचं आणि रोज एकमेकींना डबा पाठवायचा.

अशात एक दिवस रस्त्यांच्या कार्यालयातले इंजिनियर स्टुडिओत आले. पायथ्याचा रस्ता रुंद करताना डोंगराचा पाय कापला होता, आणि त्यानंतर वर उतारावर एक भेग दिसली होती. करंगळी जाईल एवढीच. मोजणीची यंत्रं वर्षातून एकदा यायची. मधल्या काळात डोंगरावर नजर कुणी ठेवायची? इंजिनियरांनी उतारावर सात ठिकाणी गुडघाभर उंचीचे सिमेंटचे खांब रोवले, प्रत्येकाच्या माथ्यावर पिवळी फुली रंगवली, आणि त्यांना नाव दिलं ठिय्ये. दर पंधरा दिवसांनी बाईंनी सातही ठिय्यांवर जायचं. फुलीवर बरोबर ओळंबा सोडून ट्रायपॉड लावायचा. तीच लेन्स, तीच उंची, तीच वेळ. फोटो काढायचा आणि वहीत नोंद करायची.

"म्हणजे डोंगर सोडून बाकी काहीही हलता कामा नये," बाईंनी मला समजावलं. "डोंगर हलला तर तो एकटाच हललेला दिसेल."

तीन वर्षं डोंगर हलला नाही. पेठेतले लोक त्यांना विचारायचे, "काय बाई, डोंगराचा पासपोर्ट निघाला का?" बाई म्हणायच्या, "निघाला असता, पण कान दाखवत नाही."

मग त्यांचा डावा खांदा धरला. दोष नवऱ्याच्या जुन्या बॅगेचा. ती एका खांद्याला लटकवायची कातडी बॅग. तिच्यात कॅमेरा आणि एक लेन्स कशीबशी कोंबता यायची. बाकीचं सगळं गळ्यात, काखेत आणि हातात. ट्रायपॉड तर लहान मुलासारखा कडेवर घेऊन त्या चढायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, या खांद्यावर आता पिशवीभर भाजीसुद्धा नको. बाईंनी दोन आठवडे हात गळ्यात बांधला आणि तिसऱ्या आठवड्यात डोंगरावर गेल्या. पण ट्रायपॉड घरी ठेवून. कॅमेरा हातात धरून त्यांनी सातही फोटो काढले. पुढच्या फेरीलाही तसंच, त्याच्या पुढच्याही. वहीत मात्र खोटं लिहिलं नाही. तिन्ही तारखांपुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "हातात धरून."

याच काळात नणंदबाईंचं दार अडकायला लागलं.

आधी वाटलं, लाकूड फुगलं असेल. वस्तीत दोन घरं सोडून एक सुतार राहायचा, चाळिशीचा, गप्पिष्ट. त्याने येऊन दाराची वरची कड तासून दिली. महिन्याने दार पुन्हा अडकलं. त्याने पुन्हा तासलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मावशी, आता दार संपत आलं. पुढच्या वेळी पडदाच लावू." नणंदबाईंनी ही गंमत भावजयीला फोनवर सांगितली. नणंदबाई स्वतः हसल्या असतील. फळ्यांच्या भिंतीपलीकडे मला बाईंचं हसणं मात्र ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने त्या माझ्या दुकानात आल्या. हातात फोटोंची चळत होती.

"चष्मेवाले, जरा तुमचं भिंग आणा. मला उगाच वाटतंय का बघा."

चार नंबरच्या ठिय्यावरून काढलेले दहा महिन्यांचे फोटो त्यांनी काउंटरवर ओळीने मांडले. उतार, खाली रस्त्याची संरक्षक भिंत, भिंतीमागे विजेचा खांब, खांबामागे नणंदबाईंचं छप्पर. माझा धंदा अर्ध्या-पाव अंशाचा. माणसाची नजर किती चुकते ते मी हातच्या पट्टीने सांगतो. मी पट्टी लावली. आधीच्या सगळ्या फोटोंत खांब सरळ होता. शेवटच्या तीन फोटोंत तो रस्त्याकडे वाकला होता. फार नाही. पण पहिल्यात जेवढा होता त्याच्यापेक्षा दुसऱ्यात जास्त, आणि तिसऱ्यात त्याहून जास्त. भिंतीचं पोटही मधोमध पुढे आलेलं दिसत होतं, जेवून बसलेल्या माणसासारखं.

"उगाच नाही वाटत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात गेल्या. तिथे इंजिनियर होते आणि त्यांच्या वरचे मोठे साहेबही होते. इंजिनियरांनी फोटो बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला, असं बाई सांगतात. मोठ्या साहेबांनी मात्र फोटोंऐवजी वही बघितली.

"हे 'हातात धरून' म्हणजे काय?"

"खांदा धरलाय साहेब. ट्रायपॉड नेता आला नाही."

"म्हणजे ज्या तीन फोटोंत खांब कललेला दिसतो, तेवढेच तीन फोटो हातात धरून काढलेत." साहेबांनी वही मिटली. "मग बाई, खांब कलला का तुम्ही कललात?"

फोटो काढताना त्या स्वतः किती कलल्या होत्या हे त्यांना कसं कळणार? दाराचं सांगितलं तर साहेब म्हणाले, दारं सगळ्यांचीच अडकतात. तेवीस घरं रिकामी करायची म्हणजे पोरखेळ नाही.

इंजिनियर त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "गुरुवारी फेरी आहे ना? पूर्ण सामान घेऊन जा. ट्रायपॉड, दोन्ही लेन्स, ओळंबा. सातही ठिय्ये. एकही नोंद अशी नको की कुणी बोट ठेवेल. मी खुर्चीवरून उठत नाही तुम्ही येईपर्यंत."

बाई परत आल्या आणि स्टुडिओचा बाक झाडत बसल्या. बाक स्वच्छच होता. मी जाऊन उभा राहिलो.

"माझ्या एका बॅगेपायी," त्या म्हणाल्या, "तीन फेऱ्या फुकट गेल्या. दीड महिना डोंगर मला दाखवत होता आणि मी धड बघितलं नाही."

मी म्हटलं, गुरुवारी मी येतो सामान उचलायला. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. "तुम्हाला वर न्यायला मला आणखी मोठी बॅग लागेल," त्या म्हणाल्या. "मला अशी बॅग हवी की खांद्यावर काही येणार नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतील. आहे का असं काही?"

होतं. बस स्थानकामागे तंबू, दोर आणि चढाईचं सामान विकणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा चष्मा माझ्याकडचा. बुटक्या, करारी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघणाऱ्या. मंगळवारी सकाळी आम्ही दोघं तिकडे गेलो.

फोटोबाईंनी आधी एक देखणी बॅग उचलली. काळी, आटोपशीर, वर कॅमेऱ्याचं चित्र.

"ही लग्नातले फोटो काढायला," दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "तुम्ही कुठे जाणार?"

"डोंगरावर. उताराचे फोटो काढायला."

"किती वजन?"

"नऊ-दहा किलो होईल. कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड, पाणी, रेनकोट, डबा."

"वाट केवढी?"

"एक पाऊल. मध्ये मध्ये अर्धं."

त्यांनी काळी बॅग काढून घेतली आणि आतून एक भलीमोठी बॅग आणली. ती फोटोबाईंच्या डोक्यापासून कमरेखालपर्यंत येत होती.

"अगं बाई," फोटोबाई म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड."

"मोठी बॅग जड नसते. चुकीची भरलेली बॅग जड असते." दुकानवाल्या बाईंनी बॅग आडवी टाकली. तिची चेन पाठीच्या बाजूने उघडत होती. "हे बघा. चिखलात ठेवायची ती हिची पुढची बाजू. पाठ कोरडी राहते, आणि कॅमेरा काढायला सगळी बॅग उपसावी लागत नाही. आतले कप्पे हलवता येतात. जड लेन्स मध्यावर, पाठीला चिकटून. वर रेनकोट, डबा. पाणी बाजूला."

"आणि ट्रायपॉड या दुसऱ्या बाजूला," मी म्हणालो. मला वाटलं, आपणही काहीतरी बोलावं.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "वाट एक पावलाची आहे ना? बाजूला बांधलेला ट्रायपॉड डोंगराला घासतो. माणूस वळला की तोच माणसाला दरीकडे ढकलतो. मधोमध बांधायचा, मागे."

मग त्यांनी वाळूच्या लहान पिशव्या मोजून आत भरल्या, दहा किलो भरतील एवढ्या, आणि बॅग फोटोबाईंच्या पाठीवर चढवली. कमरेचा पट्टा हाडावर बसवला, ओढला, मग खांद्याचे पट्टे सैल सोडले. "आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घाला." बाईंनी बोट घातलं. ते सहज गेलं. खांद्यावर काहीच नव्हतं. दहा किलो सगळे कमरेवर बसले होते. बाईंच्या चेहऱ्यावर मी कित्येक आठवड्यांनी जरा उजेड बघितला.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," त्या म्हणाल्या.

"जिना चढून या. तीन मजले. उतरताना कठड्याला हात लावू नका."

त्या गेल्या. पायऱ्यांवरचा आवाज वर गेला, खाली आला. फोटोबाई परतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पळावं लागेल का?"

"म्हणजे?"

"डोंगराचा उतार म्हणालात. कुठला ते मला माहीत आहे. पळावं लागलं तर?"

फोटोबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"हे छातीचं बकल आणि हे कमरेचं," दुकानवाल्या बाईंनी त्यांची बोटं धरून बकलांवर ठेवली. "डोळे मिटा. सोडा. परत. डाव्या हाताने. परत." दहा-बारा वेळा त्यांनी ते करून घेतलं. शेवटी बाई न बघता, एका श्वासात दोन्ही बकलं सोडत होत्या आणि वाळू भरलेली बॅग धप्पकन गादीवर पडत होती. "वाईट जागी पोचलात की छातीचं आधीच सोडून ठेवायचं. कॅमेऱ्याचा विचार करायचा नाही."

रंग तीन होते. फोटोबाईंनी राखाडीला हात लावला. दुकानवाल्या बाईंनी नारिंगी पुढे केली, डोळ्यांत खुपेल अशी.

"ही कशाला? मी काय शाळेत जातेय?"

"राखाडी दगडात दिसत नाही."

"दिसायला कशाला हवी? मला कोण शोधणारंय?"

दुकानवाल्या बाई पट्ट्याचं जादा टोक नीट दुमडत राहिल्या. आम्ही नारिंगी बॅग घेऊन बाहेर पडलो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बाईंनी सांगितलं तसं सांगतो.

गुरुवारी आभाळ स्वच्छ होतं. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. पहिल्या दोन ठिय्यांवर सगळं ठीक होतं. ट्रायपॉड, ओळंबा, फोटो, नोंद. तीन नंबरजवळ वाट ओली होती. तिथे कधीच पाणी नसायचं. खडकाच्या खालून मातकट पाणी झिरपत होतं, आणि थांबून ऐकलं तर कुठेतरी बारीक खडे घरंगळल्याचा आवाज येत होता. एक खडा. मग बराच वेळ काही नाही. मग दोन. चार नंबरवर त्यांनी लांबची लेन्स लावली. खाली नणंदबाईंचं छप्पर दिसलं. अंगणात सुतार कुणाची तरी खिडकी टेकवून रंधा मारत होता.

पाच नंबरवर ओळंबा फुलीवर येईना.

त्यांनी ट्रायपॉडचे पाय पुन्हा पुन्हा बसवले. स्वतःलाच शिव्या घातल्या. ओळंबा फुलीवर आणला की खांब डोळ्यांना वाकडा दिसायचा. शेवटी त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. खांबच कलला होता. तीन वर्षं ज्याच्यावर कॅमेरा लावून त्या डोंगर हलतोय का ते बघत होत्या, तो ठिय्याच चालायला लागला होता. म्हणजे आपण आत्ता हलणाऱ्या भागावर उभ्या आहोत, हे त्यांच्या पायांना डोक्याच्या आधी कळलं.

वर सहा नंबर होता, पक्क्या कातळावर. तिथून हा खांब आणि सगळा उतार एका फोटोत आला असता. पण वाटेत भेग होती. पंधरा दिवसांपूर्वी तिच्यात जेमतेम बोट मावलं असतं. आज ती पाऊलभर रुंद होती, आणि तिचा खालचा काठ गुडघाभर खचला होता. अलीकडून पलीकडे जायचं म्हणजे रुंदी ओलांडून वर चढायचं.

"परत फिरावंसं नाही वाटलं?" मी विचारलं होतं.

"वाटलं की. पण परत फिरले असते तर साहेबांनी पुन्हा विचारलं असतं, सहा आणि सातचे कुठे आहेत. मग आणखी पंधरा दिवस."

त्यांनी छातीचं बकल सोडलं. कमरेच्या बकलावर क्षणभर बोट ठेवून बघितलं, मग दोन्ही हातांनी वरच्या काठावरचं झुडूप धरलं आणि पाय टाकला. जुन्या बॅगेने हे जमलंच नसतं. एक हात ट्रायपॉडमध्ये अडकला असता आणि बॅग एका बाजूला झुकली असती. नवी बॅग पाठीला धरून राहिली. खालचा काठ त्यांच्या मागच्या पायाखाली मऊ लागला, ताज्या पिठासारखा. त्या वर आल्या तेव्हा तळहात सोलले होते. त्याच हातांनी त्यांनी सहा नंबरवर ट्रायपॉड लावला, ओळंबा सोडला. या वेळी तो बरोबर फुलीवर आला.

सात नंबर माथ्यावर. तिथे फोनला रेंज होती. त्यांनी फोटो काढला आणि नणंदबाईंना फोन लावला.

"वन्सं, आत्ताच्या आत्ता घराबाहेर पडा. माझ्याकडे जा. किल्ली चष्मेवाल्यांकडे आहे."

"का गं? काय झालं?"

"डोंगर सरकतोय."

"तुझे साहेब म्हणतात का तू म्हणतेस?"

"मी म्हणते."

"वहिनी, उद्या मला वीस गणवेश द्यायचेत. तू डोंगर धर तोवर." आणि फोन ठेवला.

बाई आल्या वाटेने उतरल्या नाहीत. माथ्यावरून पलीकडच्या बाजूने लांबचा फेरा घेऊन खाली आल्या. पावणेतीनला कार्यालयात पोचल्या. इंजिनियर खरंच खुर्चीवर होते. मोठे साहेब आले आणि त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो, "ट्रायपॉड?"

बाईंनी बॅग उघडली, ट्रायपॉड काढून साहेबांच्या टेबलासमोर उभा केला. त्याच्या पायांना ओली माती होती. इंजिनियरांनी जुना फोटो आणि आजचा फोटो पडद्यावर एकावर एक ठेवला. कातळ कातळावर बसला. माथ्यावरची झाडं झाडांवर बसली. मधला सगळा उतार मात्र दोन-दोन दिसत होता. पाच नंबरचा खांब दोनदा, विजेचा खांब दोनदा, संरक्षक भिंत दोनदा. मोठ्या साहेबांनी पेन मागितलं.

संध्याकाळपर्यंत तेवीस घरं रिकामी झाली. लोकांना शाळेच्या वर्गांत ठेवलं. नणंदबाई तणतणत स्टुडिओमागे भावजयीच्या घरी आल्या, कापडाचा गठ्ठा घेऊन, शिलाई मशीन मागे सोडून.

आणि मग काहीच झालं नाही.

तीन दिवस गेले, पाच गेले, सात गेले. ऊन पडत होतं, डोंगर जागच्या जागी होता. शाळेत पाण्याची रांग लागायची, पोरांना खोकला लागला. पेठेत लोक बाईंना बघून रस्ता बदलायला लागले. कुणीतरी स्टुडिओच्या काचेवर शेण फासलं. "एका फोटोपायी आमची घरं गेली," एकजण माझ्या दुकानात बसून मोठ्याने म्हणाला, भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून. घरातही नणंदबाईंनी अबोला धरला. गणवेश हाताने शिवायच्या आणि सुई टोचली की भावजयीकडे बघायच्या. बाई मला एकदा म्हणाल्या, "डोंगर पडला तर दुष्ट मी, वाट बघत होते म्हणून. नाही पडला तर खोटारडी." लोक दिवसा हळूहळू घरी जायला लागले होते, भांडी आणायला, झाडांना पाणी घालायला. रस्त्यावर पहारेकरी होता, पण तोही कंटाळला होता.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या भिंतीवरच्या चष्म्यांच्या फ्रेमा एकदम किणकिणायला लागल्या. सगळ्या एकदम. मला वाटलं, पलीकडे बाई कपाट सरकवतायत. मग आवाज आला. तो मोठा होता असंही म्हणवत नाही. तो थांबत नव्हता, एवढंच. बाहेर आलो तर डोंगराच्या बाजूला तपकिरी धूळ उभी राहिली होती आणि पेठेतला प्रत्येक माणूस तोंड उघडं टाकून तिकडे बघत होता.

अठरा घरं गेली. माणूस एक गेला.

तो सुतार. तो रोज जाऊन लोकांची दारं-खिडक्या चौकटींसकट काढून आणत होता. पडलंच तर लाकूड तरी वाचेल, म्हणायचा. त्या सकाळी तो शाळेतून निघताना नणंदबाई त्याला वाटेत भेटल्या आणि म्हणाल्या, "जातोच आहेस तर माझं मशीन आण रे." त्याने मशीन आणलं. रस्त्याच्या पलीकडे, पहारेकऱ्याच्या खुर्चीशेजारी नीट ठेवलं. "टेबल राहिलं मावशीचं," म्हणाला आणि परत आत गेला. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

मशीनला ओरखडासुद्धा नव्हता.

शाळेत ठेवलेली माणसं नंतर स्टुडिओत आली. कुणी बाईंचे हात धरले, कुणी रडलं, ज्याने माझ्या दुकानात बसून बोल लावला होता त्याने काच पुसून दिली. बाईंनी कुणालाही एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांचं सगळं लक्ष मागच्या खोलीकडे होतं. तिथे नणंदबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असायच्या. तो अबोला आता वेगळाच होता. जेवण पुढे ठेवलं तर जेवायच्या, नाही ठेवलं तर मागायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं असतं तर मशीन त्याच दिवशी उचललं असतं."

"वन्सं, मी दीड महिना आधी ट्रायपॉड उचलला असता तर?" बाई म्हणाल्या.

भिंत फळ्यांची आहे, मी ऐकत होतो. काच घासायची मी थांबवली होती.

ही गोष्ट दीड वर्षापूर्वीची. उरलेल्या डोंगरावर नजर ठेवायचं काम अजून चालू आहे. जुने चार ठिय्ये मातीखाली गेले, त्यांच्या जागी खालच्या रस्त्याच्या कडेने नवीन चार केले. इंजिनियरांची बदली झाली. नवे आलेत ते म्हणतात, आता महिन्यातून एकदा पुरे. बाई पंधरा दिवसांनीच जातात. गेल्या सहा महिन्यांपासून नणंदबाईही बरोबर जातात. एक दिवस आपणहून चपला घालून दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "वही मी धरते." सोप्या ठिय्यांवर त्या वेळ आणि आकडे लिहितात. अवघड जागी खाली थांबतात, वरून बाई ओरडून सांगतात.

नऊला निघतात, दोनपर्यंत परततात. मी दोनच्या सुमाराला दुकानाबाहेर खुर्ची टाकतो. वारा खायला, असं सांगतो.

परवा अडीच वाजले, तीन वाजले. फोन लागेना. सव्वातीनला मी शटर ओढायला घेतलं, तेवढ्यात दोघी चौकातून येताना दिसल्या. बाई थकल्या होत्या. नणंदबाई आत गेल्यावर त्यांनी मला हलक्या आवाजात सांगितलं. रस्त्याकडेच्या एका ठिय्याजवळ नणंदबाई अचानक खाली बसल्या होत्या. जिथे पहारेकऱ्याची खुर्ची असायची, तिथे. उठेनात.

"मग?"

"मग काय, मीही बसले शेजारी. समजावलं असतं तर चिडल्या असत्या. तासभर बसलो. वरून मधूनच खडे येत होते."

"खडे?" मी म्हणालो.

"बारीक होते. नोंद केलीय." त्यांनी बॅगेचा पट्टा सोडला. "तासाने स्वतःच उठल्या. साडी झटकली आणि म्हणाल्या, 'चल वहिनी, एक राहिलाय.'"